डॉक्टरांना न सांगितलेली गोळी

पत्राचा गोषवारा: सांगली जिल्ह्यातल्या छत्तिशीतल्या एका ताईंचं हे पत्र आहे. त्यांच्या सासूबाईंचं वय ६७, वजन ४८ किलो. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी, शुगरसाठी मेटफॉर्मिन, आणि दोन्ही गुडघ्यांची झीज. दोन वर्षांपूर्वी चौकातल्या मेडिकलमधून गुडघ्यासाठी एक गोळी आणली, ती लागू पडली, आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ चालू आहे. पाकिटावर ‘ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम’ असं छापलंय. अंग फारच ठणकलं की वर एखाद-दुसरी ‘६५०’, म्हणजे ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची गोळी. पित्त होऊ नये म्हणून रोज गॅसची गोळी. गेल्या काही महिन्यांत संध्याकाळी पाय सुजायला लागले, बीपी १६०च्या घरात गेलं, म्हणून डॉक्टरांनी बीपीची आणखी एक गोळी वाढवली. गुडघ्याच्या गोळीचा विषय त्यांच्यापुढे कधी निघालाच नाही. पेनकिलरने किडनी जाते असा मेसेज वाचून ताईंनी पाकीट लपवलं आणि घरात भांडण झालं. यजमानांचं म्हणणं, ‘चिठ्ठीशिवाय मिळते म्हणजे साधीच गोळी असणार. आईला चालता येतंय ना?’ ताई विचारतात: सगळ्याच गोळ्या बंद करायच्या का, पॅरासिटामॉलसुद्धा? तीन वर्षांच्या मुलाच्या तापाच्या औषधाचं काय? आणि जाता जाता लिहितात, ‘माझंही डोकं दुखतं, मी आठवड्यातून चार-पाचदा गोळी घेते, पण ती साधी डोकेदुखीची आहे.’

ताई,

आधी तातडीचं. सासूबाईंची ॲसिक्लोफेनॅकची गोळी आजपासून थांबवा आणि दोन-तीन दिवसांत त्यांना डॉक्टरांकडे न्या. ही गोळी एकदम थांबवल्याने अपाय होत नाही, हळूहळू कमी करत आणावी लागत नाही. दुखणं मात्र परत डोकं वर काढेल, त्याची सोय खाली सांगतो. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या मनाने बंद करू नका. या दोन-तीन दिवसांत लघवी कमी झाली, धाप लागायला लागली, संडास डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं तर वाट बघायची नाही, १०८ला फोन करून सरळ मोठ्या रुग्णालयात जायचं.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे वळू. चिठ्ठीशिवाय मिळाली म्हणजे साधी, हा समज घरोघरी आहे. पाकीट उलटं करून बघा. डाव्या कडेला लाल उभी रेघ आणि ‘आरएक्स’ अशी खूण बहुधा सापडेल. या खुणेचा अर्थ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकायचं नाही. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड यांच्या पाकिटांवर ती असते, आणि तरी ‘गुडघ्याची गोळी द्या’ म्हटलं की काउंटरवरून सहज हातात पडते. सहज मिळण्याचा आणि निर्धोक असण्याचा इथे काही संबंध नाही.

तुमच्याही समजाला थोडा धक्का देतो. ‘पेनकिलर’ नावाचं एक औषध नसतं. आपल्या घरातल्या डब्यात निदान दोन वेगळी कुळं असतात. एक पॅरासिटामॉल: क्रोसिन, कॅलपोल, डोलो ही सगळी त्याचीच नावं. ते ताप आणि दुखणं कमी करतं, सूज फारशी नाही. योग्य मात्रेत पोटाला आणि किडनीला त्याचा त्रास क्वचितच होतो, त्याचा धोका आहे तो लिव्हरला, आणि तोही मुख्यतः मात्रा ओलांडली तर. दुसरं कुळ सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचं: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड, ॲस्पिरिन. जठर, किडनी, बीपी, हृदय यांना धोका या कुळाचा. तुम्हाला आलेल्या मेसेजमध्ये दोन्ही कुळं एकाच पोत्यात भरली होती, म्हणून तुम्ही पॅरासिटामॉललाही घाबरलात. सासूबाईंच्या गोळीत तर दोन्ही एकत्रच आहेत. कॉम्बिफ्लाममध्येही तसंच: आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५.

सासूबाईंचं नेमकं कुठे अडलंय ते समजून घ्या, कारण हेच त्रिकूट महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत असेल. किडनीच्या प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. आणणारी वाहिनी मोकळी ठेवायचं काम शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांकडून करून घेतं, आणि सूज उतरवणारी गोळी नेमकी हीच रसायनं बनू देत नाही. म्हणजे आत येणारी वाट आकसली. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी वाट सैल करतं. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी-मीठ काढून टाकतं. तिन्ही एकत्र आले की गाळणीतला दाब पडतो आणि गाळण्याचं काम मंदावतं. टेल्मिसार्टन वाईट नाही, लघवीची गोळीही वाईट नाही. त्यांच्या जोडीला रोज तिसरी आली, हा घोटाळा आहे. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हे असंच लागू.

त्यात एखाद दिवशी जुलाब झाले, उलट्या झाल्या, किंवा निर्जळी उपास धरला, तर आधीच मंदावलेली किडनी एका दिवसात बसू शकते. वारीला निघणाऱ्या ज्येष्ठांनी हे खास लक्षात ठेवावं: उन्हातलं चालणं, वाटेत लघवीची पंचाईत नको म्हणून पाणी कमी पिणं, आणि पाय चालावेत म्हणून खिशात ठेवलेल्या गोळ्या. बीपीची गोळी चालू असेल तर हे तीन एकत्र येऊ देऊ नयेत. उलट्या-जुलाबांच्या दिवशी सूज उतरवणारी गोळी अजिबात नको, आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांचं त्या दिवसापुरतं काय करायचं हे डॉक्टरांना फोन करून विचारावं. मेटफॉर्मिनही किडनीवाटेच बाहेर पडतं. किडनी मंदावली की ते अंगात साचतं.

डायक्लोफेनॅक किडनीचं काय करू शकतं याचा एक दाखला माणसांच्या बाहेरचा आहे. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि भारतातली गिधाडं झपाट्याने संपत गेली. २००६ साली त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, हे खरं. पण ‘अंगाला लावायचं, पोटात घ्यायचं साधं औषध’ या यादीत हे नाव इतक्या सहज का जावं, असा प्रश्न पडतोच.

आता बीपीची वाढीव गोळी. तुमच्या पत्रातलं सर्वांत बोलकं वाक्य हेच, आणि तुम्ही ते ओघात लिहून गेलात. सूज उतरवणाऱ्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, त्यामुळे पाय सुजतात आणि बीपी वाढतं, शिवाय बीपीच्या औषधांचा जोरही त्या कमी करतात. डॉक्टरांना गुडघ्याच्या गोळीचा पत्ता नाही. त्यांना दिसलं ते फक्त वाढलेलं बीपी, म्हणून त्यांनी त्यावर औषध दिलं. एका गोळीच्या दुष्परिणामावर दुसरी गोळी सुरू झाली, असं होण्याची बरीच शक्यता आहे. वाढवलेली गोळी ॲम्लोडिपिन असेल तर तिच्यानेही घोटे सुजतात, म्हणजे गुंता आणखी वाढला. सूज आधी आली की ही गोळी सुरू झाल्यावर वाढली, हे आठवून ठेवा. डॉक्टर विचारतील.

म्हणूनच ॲसिक्लोफेनॅक थांबवल्यावर बीपी खाली येऊ शकतं, कधी गरजेपेक्षाही जास्त. पुढचे दोन आठवडे घरी रोज एकदा, शक्यतो सकाळी गोळ्यांआधी, पाच मिनिटं शांत बसवून मोजा आणि लिहून ठेवा. वरचा आकडा ११०च्या खाली जायला लागला किंवा उठताना चक्कर यायला लागली तर डॉक्टरांना लगेच कळवा, बीपीच्या गोळ्या कमी कराव्या लागतील.

डॉक्टरांकडे जाताना तोंडी सांगू नका, पाकिटं घेऊन जा. आदल्या रात्री घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घाला: मलम, गॅसची गोळी, कोणीतरी दिलेलं चूर्ण, नातेवाइकांनी मुंबईहून आणलेली ‘चांगली’ गोळी, सगळं. कागदावर ब्रँडच्या नावाखालचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती आणि कधीपासून, एवढं लिहा. डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. दवाखान्यात ‘दुसरं काही औषध चालू आहे का?’ असं विचारलं की ज्येष्ठ मंडळी नाही म्हणतात, आणि त्यात लपवाछपवी नसते. मेडिकलमधून आणलेली गोळी त्यांच्या लेखी औषधच नसते. तपासण्या म्हणाल तर क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती काम करते ते या दोन आकड्यांवरून कळतं), पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन अशासाठी, की जठरातून थेंब थेंब रक्त जात असेल तर महिनोन्‌महिने दुसरं काहीच दिसत नाही, नुसता अशक्तपणा.

चूर्णाबद्दल जरा जास्त बोलतो. सांधेदुखीवर हमखास गुण देणाऱ्या, नावगाव नसलेल्या पुड्या आणि गोळ्या गावोगाव विकल्या जातात. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा याच वेदनाशामक गोळ्या कुटून मिसळलेल्या अनेकदा सापडल्या आहेत. दोन दिवसांत चमत्कार दिसतो तो त्यामुळे. अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर मात्र एकदम बंद करू नका. स्टेरॉइड अचानक तोडलं की बीपी कोसळणं, शुगर उतरणं, गळून जाणं असे प्रकार होतात. पुडी तशीच डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तशी सोडा.

गॅसच्या गोळीने सगळं सांभाळलं जातं का? अर्धवट. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या नाश्त्याआधी अर्धा तास घेतल्या तर जठरातला अल्सर टाळायला खरोखर मदत करतात. पांढरं पातळ औषध किंवा फसफसणारी पावडर नुसती जळजळ शमवते, अल्सर तिच्याआड वाढत राहू शकतो. आणि कुठल्याही गॅसच्या गोळीला किडनी किंवा बीपी वाचवता येत नाही. ‘जेवून घेतली की काही होत नाही’ हेही तसंच. जेवणानंतर मळमळ कमी होते एवढंच. जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी होतं ते रक्तात गेलेल्या औषधामुळे, मग गोळी भाकरीबरोबर गेली काय किंवा रिकाम्या पोटी गेली काय.

आता दुखण्याचं. तुम्ही पाकीट लपवलंत ते काळजीपोटी, पण त्यांच्या बाजूने विचार केला तर तुम्ही त्यांचं चालणंच काढून घेतलंत. पर्याय हातात न देता गोळी काढली तर ती शेजारणीकडून येईल, आणि मग तुम्हाला कळणारही नाही. आधी त्यांना विचारा, कधी दुखतं? सकाळी उठताना, जिना चढताना, भारतीय पद्धतीच्या संडासात बसून उठताना, की पूजेला मांडी घातल्यावर? उत्तर ऐकल्यावर अर्ध्या गोष्टी गोळीविना सुटतात. संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची आणि भिंतीला धरायला दांडा, पूजेसाठी पाट सोडून स्टूल, भाजी निवडणं टेबलावर. काठी वापरायची तर जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा उपयोग होत नाही. रोजचा एक व्यायाम: खुर्चीत टेकून बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, मांडीचा स्नायू आवळून पाच आकडे मोजायचे, खाली घ्यायचा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे त्यांना आधीच सांगा, नाहीतर चौथ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणतील. तुमच्या सासूबाई सडपातळ आहेत, पण ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्यासाठी: एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो.

वरून लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्यासाठी गोळीपेक्षा आधी वापरून बघावं, कारण त्यातलं फार थोडं औषध रक्तात जातं. बोटभर लांबीची रेघ, दिवसातून तीन-चार वेळा, हलक्या हाताने. वर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही, जखमेवर लावायचं नाही, आणि लावल्यावर हात धुवायचे. त्यात मेंथॉल असेल तर डोळ्याला लागल्यावर रडकुंडीला आणतं. मात्र सासूबाईंचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत जेलसुद्धा थांबवलेलं बरं. तोवर गरम शेक.

आणि पॅरासिटामॉल? चालेल. लिव्हरचा आजार नसेल तर सासूबाईंनी ५०० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीनदा, दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास ठेवून, डॉक्टरांची भेट होईपर्यंत घ्यायला हरकत नाही. गुडघ्याच्या झिजेवर तिचा गुण आधीच्या गोळीपेक्षा कमी येईल, हे लपवू नका. सकाळची गोळी उठल्या उठल्या घेतली आणि तासाभराने कामाला लागलं तर जास्त उपयोग होतो.

मात्रेचा हिशेब सगळ्यांनीच नीट समजून घ्यावा. धडधाकट प्रौढ माणसाला पॅरासिटामॉल एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन वेळांमध्ये चार ते सहा तास, आणि २४ तासांत सगळं मिळून ४००० मिलिग्रॅमच्या वर नाही. रोज घ्यायचं असेल तर ३०००च्या आत राहावं. वजन ५० किलोपेक्षा कमी, लिव्हरचा आजार, रोजची दारू किंवा खाणंपिणं सुटलेलं असेल तर मर्यादा आणखी खाली, साधारण २००० मिलिग्रॅम, आणि तीही डॉक्टरांना विचारून. आता सासूबाईंच्या एखाद्या वाईट दिवसाची बेरीज करू. गुडघ्याच्या दोन गोळ्यांतलं ३२५ दुणे ६५०. दोन ‘६५०’ म्हणजे १३००. आणि त्याच दिवशी सर्दी झाली म्हणून तीन वेळा सर्दीची गोळी, जिच्यात बहुधा ५०० पॅरासिटामॉल असतं: १५००. एकूण ३४५०. ४८ किलोच्या बाईला हे जास्त झालं, आणि त्यांच्या मते त्यांनी पॅरासिटामॉल घेतलं ते फक्त दोनदा. सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिनही असतं, ते बीपी वाढवतं, तो हिशेब वेगळाच.

पॅरासिटामॉल जास्त झाल्यावर पहिल्या दिवशी माणूस ठीकच दिसतो, फार तर मळमळ. लिव्हरला इजा होते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुरती दिसते. तिच्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा चांगला उतारा आहे, पण आठ तासांच्या आत दिला तर सर्वांत उपयोगी पडतो. म्हणून चुकून किंवा रागाच्या भरात कोणी जास्त गोळ्या घेतल्या तर ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबायचं नाही. रिकामी पाकिटं घेऊन रुग्णालयात.

मुलाच्या तापाचं थोडक्यात, पण आकडे नीट वाचा. मुलांची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. मुलगा १२ किलोचा असेल तर १८० मिलिग्रॅम. बाजारात पातळ औषध तीन वेगळ्या ताकदींत मिळतं. पाच मिलीत १२० वालं असेल तर साडेसात मिली, पाच मिलीत २५० वालं असेल तर ३.६ मिली, आणि तान्ह्या बाळांसाठीचे थेंब, ज्यात एका मिलीत १०० असतं, ते फक्त १.८ मिली. घोळ इथेच होतो. गेल्या वेळी साडेसात मिली दिलं होतं हे आठवतं, बाटली मात्र थेंबांची असते, आणि पोराच्या पोटात ७५० मिलिग्रॅम जातं. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा, आणि मोजायला स्वयंपाकघरातला चमचा घेऊ नका, बाटलीबरोबरचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११पासून बंदी आहे. ॲस्पिरिन १६ वर्षांखाली डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, कारण व्हायरल तापात त्याने लिव्हर आणि मेंदूवर घाला पडू शकतो.

पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत हा नियम मोठ्यांनाही लागू करा: कारण न कळलेल्या तापात फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यू निघाला तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापात अंग मोडून येतं म्हणून घेतलेली कॉम्बिफ्लामसारखी गोळी किंवा कंबरेत टोचलेलं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन तिथे महागात पडतं. मेडिकलमधल्या ‘सर्दी-तापाच्या डोसा’ची पुडी तर घेऊच नका. चार सुट्या गोळ्या, एकीवरही नाव नाही, आणि त्यातली एक बहुधा याच कुळातली. तसंच दोन-चार गोळ्या घेताना दुकानदार पाकीट कापतो तेव्हा नाव आणि मुदत असलेली बाजू बहुतेकदा त्याच्याकडेच राहते. दहा गोळ्यांचं पाकीट फार महाग नसतं, पूर्ण घ्या.

सूज उतरवणारी गोळी कोणीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. धडधाकट तिशीतल्या माणसाचा पाय मुरगळला, दाढ ठणकली, पाळीत पोट दुखलं, तर दोन-तीन दिवस या गोळ्या उत्तम काम करतात, पॅरासिटामॉलपेक्षा सरस. एकच गोळी, कमीत कमी मात्रा, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, तीन ते पाच दिवसांच्या आत बंद. दोन वेगळ्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या एकत्र कधीच नाहीत, गुण दुप्पट होत नाही, अल्सरचा धोका तेवढा वाढतो. पाळीसाठी मेफेनॅमिक ॲसिड घेणाऱ्यांनी गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी असं काही आलं तर ती लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावं. त्याबद्दलचा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३च्या नोव्हेंबरमध्ये दिला होता. मात्र ज्यांना अल्सर होऊन गेलाय, किडनी किंवा हृदयाचा आजार आहे, स्टेंट बसवलाय, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, ॲस्पिरिनने दमा उसळतो, किंवा ज्या २० आठवड्यांच्या पुढच्या गरोदर आहेत, त्यांनी मेडिकलमधून ही गोळी परस्पर आणू नये. हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी तर आयब्युप्रोफेनपासून विशेष सावध राहावं. ते आधी पोटात गेलं तर ॲस्पिरिनला त्याच्या जागेवर बसूच देत नाही.

आणि ताई, आता तुमचं डोकं. आठवड्यातून चार-पाचदा म्हणजे महिन्याला अठरा-वीस दिवस. साधी पॅरासिटामॉलसारखी गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. ज्या गोळीत दोन-तीन औषधं आणि कॅफिन मिसळलेलं असतं, तिच्यासाठी हा आकडा आणखी कमी आहे, १० दिवस. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल, प्रॉपिफेनाझोन आणि कॅफिन असतं, म्हणजे ती या दुसऱ्या प्रकारात मोडते. ‘साधी’ डोकेदुखीची गोळी म्हणताना तुम्ही तीच चूक करताय जी यजमान करतात. उद्यापासून कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या दिवसावर फुली मारा. आठवड्याला दोनच फुल्या असा नियम ठेवा. पहिले आठ-दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखेल, मळमळेल, चिडचिड होईल, मग बहुतेकांचं उतरत जातं. त्या दिवसांत चहा एकदम तोडू नका, तीच डोकेदुखी दुसऱ्या दाराने येईल. महिन्याभरात फरक नाही पडला तर डॉक्टरांकडे जा, ही अर्धशिशी असू शकते आणि तिच्यावर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं वेगळी असतात. अचानक, आयुष्यात कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, बरोबर ताप आणि मान आखडली, किंवा बोलताना जीभ अडखळली, हात लुळा पडला, तर मात्र फुल्या मोजायच्या नाहीत, त्याच क्षणी रुग्णालय.

लपवलेलं पाकीट सासूबाईंना परत द्या आणि ते डॉक्टरांकडे न्यायच्या पिशवीत त्यांच्याच हाताने घालायला सांगा. ‘तुमच्या गुडघ्यावर यापेक्षा बरं काय, ते डॉक्टरांना विचारू’ एवढंच म्हणा, किडनीचं नाव घेऊन घाबरवू नका. यजमानांना दवाखान्यात बरोबर न्या, कारण हा निर्णय तुम्ही सांगितला तर सुनेचा होईल, रिपोर्ट बघून डॉक्टर बोलले तर घराचा होईल. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तरी लगेच धीर सोडू नका. गोळी थांबल्यावर ते अनेकदा खाली येतं. डॉक्टर बहुधा एक-दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतील, ती चुकवू नका. आणि कुठल्याही औषधाचा दुष्परिणाम झाल्याची नोंद सामान्य माणसालाही करता येते: १८००-१८०-३०२४ हा त्यासाठीचा टोल-फ्री क्रमांक आहे. फोन करताना पाकीट हाताशी ठेवा. औषधाचं नाव, बॅच क्रमांक आणि कधीपासून घेत होता हे विचारतात.